पाणी आधी, मासा शेवटी: परसातली गप्पी-मॉलीची पैदास आणि आठवडा बाजारातली विक्री

परसात एक टब, त्यात चार गप्पी आणि महिन्याभरात टबभर पिल्लं, इथपर्यंत सगळ्यांचंच जमतं. घोडं पुढे अडतं. पिल्लं खुरटतात, पहिल्या जोरदार पावसात निम्मी जातात. उरलेली बाजारात नेली, की गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला मेलेला मासा पिशवीत घालून दाखवायला येतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. मासे आधी आणलेले असतात आणि पाणी, खाणं, जागा यांचा विचार नंतर सुरू होतो. इथे दिलेला क्रम नेमका उलटा आहे, आणि तो मोडायचा नाही.

हा लेख गप्पी आणि मॉलीपुरता आहे. दोन्ही थेट पिल्लं घालतात, त्यामुळे अंडी सांभाळायची कटकट नाही. फायटर, एंजल, गोल्डफिश यांच्याकडे वळायचं ते या दोघांचं एक वर्ष नीट पार पडल्यावर.

कधी सुरू करायचं

बरेच जण मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून टाकी बांधायला घेतात. त्या वेळी विहिरीने तळ गाठलेला असतो, आणि टाकी तयार होईस्तोवर मृग लागतो. त्यापेक्षा दसऱ्यानंतर सुरुवात करा. टाकी मुरायला तीन आठवडे, पाणी तयार व्हायला चार आणि नवे मासे वेगळे ठेवायला तीन, असा हिशेब धरला तर डिसेंबर संपता संपता जोड्या लागतात. पहिली पिल्लं जानेवारीअखेर मिळतात आणि विक्रीजोगी व्हायला सुमारे तीन महिने घेतात. म्हणजे एप्रिलअखेर, चाकरमानी आणि पोराटोरांची सुट्टी सुरू होताना, माल तयार असतो.

टप्पा १: आपलं पाणी ओळखा

गप्पी-मॉलीला थोडं जड, पीएच ७ ते ८ मधलं पाणी मानवतं. कोकणात नेमकी इथेच पंचाईत होते. सड्यावरच्या, जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. पिण्याला गोड, पण या माशांना निकृष्ट. अशा पाण्यात मॉली पंख मिटून एका जागी थरथरत राहते. तिला रोग झालाय समजून लोक निळं औषध ओततात, आणि उरलीसुरली तब्येत त्याने जाते. खाडीलगतच्या विहिरींचं याच्या उलट. तिथलं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते मॉलीला चालतं. गप्पीलाही सवय करून दिली तर चालतं, पण तिथे वाढलेला मासा गोड्या पाण्यात नेणाऱ्या गिऱ्हाइकाला तसं सांगावं लागतं.

पीएचचं थेंबांचं किट आणि एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. पीएच ७ च्या खाली आणि टीडीएस शंभराच्या आत असेल, तर उपाय फुकटातला आहे. कालवांचे किंवा तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, मांसाचा कण न ठेवता वाळवा आणि जाडसर फोडा. १०० लिटरला साधारण अर्धा किलो घ्या, जाळीच्या पिशवीत भरा आणि एअर पंपाचे बुडबुडे जिथे येतात तिथेच टांगा. पाणी आम्ल असेल तसा शिंपला विरघळतो आणि पीएच सावरला की विरघळणं मंदावतं. चुना किंवा सोडा घालून पीएच चढवू नका, तो तासाभरात चढतो आणि तसाच कोसळतो. मॉलीसाठी शिवाय लिटरला १ ते २ ग्रॅम खडे मीठ.

दुसरा धोका टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा. पावसाळ्यात ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत आणि नळाच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ते हवंच, पण माशाचे कल्ले त्याने जळतात. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्यसेवकाकडे ओटी टेस्टचं औषध असतं. पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग आला तर त्यात क्लोरीन आहे. असं पाणी उघड्या पिंपात एअर पंप लावून २४ तास ठेवा, किंवा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम विरघळवून घाला.

*तपासा:* हायपो घातल्यावर ओटी टेस्ट पुन्हा करा. पावडर टाकल्याच्या दिवशी क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त असतं, तेव्हा एक ग्रॅम पुरत नाही.

टप्पा २: टाक्या, आणि किती लागतील

आधी आकडेमोड करू. दहा माद्या, प्रत्येकीला महिन्याला सरासरी २५ पिल्लं, म्हणजे २५०. ती तीन महिने सांभाळायची. याचा अर्थ तिसऱ्या महिन्यापासून घरात कोणत्याही दिवशी ७५० च्या आसपास पिल्लं असणार, तीन वेगवेगळ्या वयांची. हे गणित न केल्यामुळेच लोक वीस-वीस माद्या आणतात.

दहा माद्यांसाठी हे पुरतं: पैदाशीला १०० लिटरचे दोन टब, नव्या माशांना वेगळं ठेवायला एक टब, लहान पिल्लांना दोन टब आणि वाढीसाठी दोन मोठ्या टाक्या. मोठी टाकी ८ फूट बाय ४ फूट. चारी बाजूंनी चिऱ्याचे दोन थर रचून आत सिलपॉलिन, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा कागद, अंथरा. कागदाखाली जुनी गोणपाटं किंवा चाळलेली वाळू हवी, नाहीतर चिऱ्याची कड कागद फाडते. पाणी सव्वा फूट ठेवलं की एका टाकीत साधारण १,१०० लिटर होतं.

सिमेंटची टाकी बांधली असेल तर घाई नको. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच ९ च्या वर जातो. तीन आठवडे पाणी भरा, चार-पाच दिवसांनी पूर्ण काढा, पुन्हा भरा. केळीच्या खुंटाचे तुकडे आठवडाभर त्यात कुजत ठेवायची जुनी रीत आहे. ती चालते, पण नंतर टाकी घासून धुवावी लागते. शेवटच्या भरणीचं पाणी तीन दिवसांनी पीएच ८ च्या आत असेल तरच पुढे जा.

टाकीवर नारळाचे झाप घाला. मार्च-एप्रिलच्या दुपारी उथळ पाणी सहज ३३-३४ अंशांवर जातं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. झापांवर जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधा. खंड्या, बेडूक आणि दिवड हे तिन्ही त्याने अडतात. चतुराच्या अळ्या मात्र जाळ्याला जुमानत नाहीत. टाकीच्या कडेला तपकिरी, सहा पायांची अळी दिसली तर लगेच काढा, एकेक करत ती बरीच पिल्लं संपवते.

सांडवा आत्ताच बसवा. पाण्याच्या पातळीच्या दोन इंच वर पाइप, त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं बारीक कापड, आणि पाइपाचं दुसरं टोक माडाच्या आळ्यात. पऱ्ह्यात किंवा व्हाळात ते कधीच सोडायचं नाही. गप्पी आणि सकर हे परदेशी मासे एकदा व्हाळात शिरले की तिथल्या देशी माशांच्या खाण्यावर आणि पिल्लांवर येतं. हिवताप विभाग डासांसाठी गप्पी सोडतो तो त्यांच्या देखरेखीतला कार्यक्रम असतो, त्याचा दाखला देऊन आपण विहिरीत मासे टाकायचे नाहीत.

टप्पा ३: पाणी पिकवा

सर्वांत जास्त मासे या टप्प्यावर मरतात, कारण हा टप्पा दिसतच नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं थोड्या प्रमाणात निरुपद्रवी. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात आणि बसायला चारेक आठवडे घेतात. काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी म्हणूनच फसवतं.

प्रत्येक टबात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. मासा एकही न टाकता रोज चिमूटभर माशांचं खाद्य घाला, ते कुजून अमोनिया तयार होतो. दोन आठवड्यांनंतर अमोनिया आणि नायट्राइट मोजायला लागा. दोन्ही आधी चढतील, मग उतरतील. खाद्य टाकणं चालू असूनही सलग तीन दिवस दोन्ही शून्य आले, की पाणी पिकलं.

*सावध:* स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळा. चकाचक धुतलेला स्पंज म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

टप्पा ४: पिल्लांच्या खाण्याची सोय, पिल्लं येण्याआधी

पहिल्या दहा दिवसांत खुरटलेलं पिल्लू पुढे कितीही खाऊ घातलं तरी भरत नाही. त्यामुळे आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, उबवण्याचा सराव जोड्या लावण्याआधीच व्हायला हवा.

पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. आत लिटरभर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, आणि तळापर्यंत जाणारी हवेची नळी. समुद्राचं पाणी गाळून वापरलं तरी चालतं, मात्र पावसाळ्यात खाडीच्या तोंडाचं नको, त्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. २८ अंशांच्या आसपास २४ ते ३६ तासांत पिल्लं फुटतात. हवा बंद करा, बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि केशरी ढग खाली उजेडाकडे गोळा होतो. तेवढाच नळीने ओढा, कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि घाला. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून घाईत सगळं एकत्र ओतायचं नाही.

मोठ्या माशांना दिवसातून दोनदा खाद्य द्या. त्यातलं एक वेळचं सुक्या जवळ्याचं चालेल: धुऊन वाळू काढायची, कडकडीत वाळवून मिक्सरवर बारीक करायचं आणि चाळून घ्यायचं. रंग चढायला त्याने मदत होते. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, तेव्हा आगोटीच्या सामानाबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत थोडाच भरा. उकडलेल्या अंड्याचा बलक पिल्लांना घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण हात जरा सैल सुटला की टब रात्रीतून नासतो.

गटारातले बारीक लाल किडे ट्युबिफेक्स, म्हणजे माशांचं जिवंत खाद्य, म्हणून आणू नका. खाण्यासोबत रोगही तिथूनच येतो.

टप्पा ५: जोड्या आणणं

आता मासे. कोणत्याही शोभिवंत माशांच्या दुकानातून पूर्ण वाढलेली, पोट फुगलेली मादी घेऊ नका. गप्पीची मादी नराचं वीर्य काही महिने साठवून ठेवते. म्हणजे तुम्ही लाल शेपटीचा देखणा नर लावलात तरी पुढच्या तीन-चार खेपांची पिल्लं दुकानातल्या कुठल्यातरी नराची निघतील. त्यापेक्षा एकाच जातीची, एकाच टाकीतली, लहान वयाची २०-२५ पिल्लं घ्या आणि त्यांतून निवडा. गप्पीच्या दोन जाती एका टबात ठेवल्या, की तिसऱ्या पिढीत सगळे राखाडी.

आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी टबातलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला, अर्धा तासभर. शेवटी मासे जाळीने उचला, पिशवीतलं पाणी बाहेर. वेगळ्या टबात २१ दिवस. अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले तर लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ दिवसभरात टप्प्याटप्प्याने घाला, पाणी २९-३० अंशांवर ठेवा आणि कण गेल्यानंतरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. प्रतिजैविकाच्या गोळ्या फोडून टाकणं बंद. त्याने जिवाणूंची पिकवलेली टाकी मरते आणि बहुधा रोग तसाच राहतो.

*तपासा:* या टबाची जाळी, मग आणि सायफनची नळी वेगळ्या रंगाची ठेवा. घरातल्या इतरांना रंग लक्षात राहतो, सूचना राहत नाहीत.

टप्पा ६: पैदास

एका नराला दोन-तीन माद्या. नर जास्त झाले की माद्यांना श्वास घेऊ देत नाहीत. १०० लिटरच्या टबात पाच माद्या आणि दोन नर पुरेत. गप्पीला पिल्लं व्हायला साधारण चार आठवडे लागतात, मॉलीला थोडं अधिक.

पिल्लं खाणारी पहिली स्वतः आईच. लपायला हायड्रिला या पाणवनस्पतीचा भारा टाका, किंवा नायलॉनच्या जुन्या दोरीचे पीळ पूर्ण सोडून केलेले झुपके. दोरी वापरण्याआधी गरम पाण्यात धुवा, डिझेलचा वास असेल तर फेकून द्या. नारळाचा काथ्या नको, तो पाणी तांबडं आणि आम्ल करतो.

दिवस भरत आले की मादीचं पोट बाजूने गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं, मागचा ठिपका काळाभोर होतो आणि ती कोपरा धरते. अशा वेळी जाळीने पकडू नका, धसक्याने अर्धवट पिल्लं टाकते. प्लॅस्टिकचा मग पाण्यात बुडवून तिला पाण्यासकट उचला आणि भोकांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत सोडा. भोकं चार-पाच मिलिमीटरची हवीत, म्हणजे पिल्लं खाली निसटतात आणि आई आत राहते. पिल्लं झाली की एक दिवस तिला एकटीला खाऊ द्या, मग परत टबात.

पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं द्या, आणि एक दिवसाआड २० ते ३० टक्के पाणी बदला. खालची घाण सायफनने काढताना नळीच्या तोंडाला कापड बांधा.

टप्पा ७: वेगळं करणं आणि निवड

हे काम पुढे ढकललं की सगळं मुसळ केरात. साडेतीन-चार आठवड्यांचं पिल्लू उजेडात पारदर्शक डब्यात धरून बघा. पोटाखालचा मागचा पर पंख्यासारखा आणि जवळ काळसर ठिपका असेल तर मादी, तोच पर निमुळता, काडीसारखा होत असेल तर नर. त्याच आठवड्यात दोघांच्या टाक्या वेगळ्या.

अडीच महिन्यांनी पुन्हा निवड. वाकडा कणा, आखूड कल्ला, पोहताना डोलणं असे मासे विकायचे नाहीत, त्यांच्यापासून पैदासही नाही. जगू शकणारे स्वतःकडे ठेवा. जो खाऊच शकत नाही त्याला तडफडत ठेवण्यापेक्षा लिटरभर पाण्यात अर्धा मिली लवंग तेल कोमट पाण्यात घुसळून घाला, त्यात त्याला सोडा आणि कल्ले थांबल्यावरही किमान दहा मिनिटं तसाच ठेवा. जिवंत मासा शौचालयात किंवा व्हाळात टाकणं हा उपाय नाही.

तीन-चार पिढ्यांनी त्याच जातीचे नर दुसऱ्या पैदासकाराकडून बदलून घ्या, नाहीतर पिल्लं संख्येने आणि आकाराने घटत जातात.

टप्पा ८: पावसाळ्यातून निभावणं

मे संपता संपता संख्या निम्म्यावर आणा. वीज कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, आणि दाटीतला मासा चार तासांतच वर येऊन हवा गिळायला लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा. वीज गेली की खाणं बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. पागोळीचं पाणी टाकीत पडू देऊ नका. मऊ पाण्याने पीएच ६ च्या खाली घसरतो आणि पिकवलेले जिवाणू काम थांबवतात. शिंपल्यांच्या पिशव्या जूनआधी नव्याने भरा.

रिकामे टब पालथे घाला. डासांच्या अळ्या माशांना आवडतात म्हणून मुद्दाम पाणी साठवणारे दोन घरांपलीकडे डेंगी पोचवतात.

टप्पा ९: बाजाराची तयारी

विक्रीच्या २४ तास आधी मोठ्या माशांना उपास. पोट भरलेला मासा पिशवीत विष्ठा टाकतो आणि तेच पाणी त्याच्या कल्ल्यात जातं. बाजारात न्यायला झाकणाची २० लिटरची बादली आणि बॅटरीचा पंप पुरतो, ऑक्सिजनचा सिलिंडर लागतो तो लांबच्या दुकानदाराला माल पाठवताना. सोबत घरच्याच टाकीतलं ४० लिटर पाणी न्या. बाजारातल्या नळाचा भरवसा नाही.

गिऱ्हाइकाची पिशवी दुहेरी, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. तळाचे दोन्ही कोपरे रबराने बांधा, कोपऱ्यात शिरून मासा चिरडतो. लिटरभर पाण्यात मोठे गप्पी आठ-दहाच्या वर नाहीत, तेही दोन-तीन तासांच्या प्रवासासाठी. पिशवी तोंडाने फुंकून फुगवू नका. आपल्या उच्छ्वासात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. पिशवी हवेत ओढून तोंड मुठीत आवळलं की ती आपोआप भरते.

टप्पा १०: पथारीवर

सावली बघून बसा, आणि ताज्या म्हावऱ्याच्या ओळीपासून दूर. तिथलं धुणं, बर्फ, ब्लीचिंगचे शिंतोडे तुमच्या टबात उडतात. बाजाराची पावती फाडा, ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत जे मागेल ते कागद जवळ ठेवा. धंदा वाढवायचा असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची सध्याची स्थिती विचारा. त्यात परसातल्या शोभिवंत मासे प्रकल्पाला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद केलेली होती.

खाडीत जाळ्यात आलेला समुद्रघोडा किंवा किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा सजावटीला मांडू नका. दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. इंजेक्शनने रंगवलेले मासेही नकोत.

विकण्याआधी दोन प्रश्न विचारा. टाकी किती लिटरची? पाणी भरून किती दिवस झाले? "टाकी आजच घेतलीय" असं उत्तर आलं तर मासा देऊ नका, खाद्याची पुडी आणि चिठ्ठी द्या आणि महिन्याने बोलवा. गिऱ्हाईक शेजारच्या पथारीवर जाईल, जाऊ द्या. काचेच्या वाटीसारख्या भांड्यासाठी मासा मागणाऱ्यालाही हेच. चिठ्ठीवर चार ओळी पुरतात: पाणी कसं तयार करायचं, पिशवी कशी सोडायची, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि "नको झाले तर विहिरीत सोडू नका, आम्ही परत घेऊ". मुंबईला परतताना गणपतीनंतर आणि मे अखेरीस चाकरमानी मासे आणून देतात. पैसे परत करायची गरज नाही, मासे मात्र घ्या.

किंमत ठरवताना खाद्य, वीज, पिशव्या, बाजाराची पावती, गाडीभाडं आणि मेलेली पिल्लं हे सगळं धरून महिन्याचा खर्च काढा आणि विकलेल्या माशांनी भागा. उत्पन्न झालेल्या पिल्लांनी भागलं तर आकडा खोटा येतो.

टप्पा ११: घरी परतल्यावर

न विकलेले मासे थेट पैदाशीच्या टबात जात नाहीत. बाजारात दहा हातांनी जाळी हाताळलेली असते. ते मासे वेगळ्या टबात २१ दिवस, पुढच्या बाजारासाठी हवे असतील तर तिथूनच न्यायचे. बादल्या, मग आणि जाळ्या पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात अर्धा तास बुडवा, स्वच्छ धुवा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीजवळ टांगा, पण ओली जाळी दुसऱ्या टबात घालू नका.